समस्त नवगावकर कुलसंमेलन

मुलानं एम.एस्सी. केलं, याचा घराला नेमका उपयोग काय, हा प्रश्न काकासाहेब नवगावकरांना बरेच दिवस छळत होता. हा मुलगा, कल्याण, जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. ओल्या कागदात कपाशीचं बी गुंडाळून ठेवायचं, मुदत भरली की कागद उलगडायचा आणि उगवलेलं किती, कुजलेलं किती ते मोजायचं, असं त्याचं काम. "म्हंजे कल्याणची माय मटकीला मोड आणती, तसंच. फक्त ह्याला त्याचा पगार मिळतो," असं काकासाहेबांनी एकदा पाहुण्यांसमोर सांगितलं होतं. त्या दिवशी घरात मटकीचीच उसळ होती आणि कल्याण ताटावरून अर्ध्यात उठला होता.

उपयोग अखेर सापडला, तो शेजारच्या राधेश्यामजींमुळे. राधेश्यामजींचं कापडाचं दुकान आहे. त्यांच्या आडनावाच्या लोकांचं अखिल भारतीय संमेलन इंदूरला झालं. तिथून ते शाल, श्रीफळ आणि उशाला घेता येईल एवढी जाड स्मरणिका घेऊन आले. "काकासाब, दादा-परदादांपासून सगळ्यांचे नाव छापले. फोटो के साथ," असं म्हणून त्यांनी ती स्मरणिका कुंपणावरून काकासाहेबांच्या हातात दिली आणि अगदी सहज विचारलं, "तुमच्या नवगावकरांचं पण असंल ना काही?"

"असतं की," काकासाहेब म्हणाले.

पुढे जे घडलं ते सगळं या दोन शब्दांचं फळ होतं. काकासाहेब पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. विस्तार करायला आता काहीच उरलं नव्हतं, ते एकदम मिळालं. आठवड्याच्या आत 'समस्त नवगावकर कुलसंमेलन' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप गट निघाला, मंगल कार्यालय ठरलं आणि वंशवृक्षाचा फ्लेक्स काढायला टाकला. वृक्षाचा बुंधा म्हणजे जाफराबाद तालुक्यातलं आपलं नवगाव. त्यातून निघालेल्या फांद्या म्हणजे जगभरचे नवगावकर. सिद्धांत सोपा होता. "आडनाव एक म्हंजे रक्त एक. त्यात काय तपासायचं?"

"तपासायचंच न्हाई तर मंग मी काय करू, अण्णा?" कल्याणनं विचारलं.

"तू लिही. स्मरणिकेत पहिला लेख तुझा. 'नवगावकर : उगम, अर्थ आणि प्रसार'. लोकाइला कळू दे, पोरगं शिकलेलं हाय."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी कल्याणनं घरी सांगितली नव्हती. प्रयोगशाळेत त्याच्या शेजारच्या टेबलावर बियांचा ओलावा तपासणारी मीना नावाची मुलगी होती. कागद उलगडता उलगडता आणि ओलावा मोजता मोजता दोघांचं जमलं होतं. जात एकच, शिक्षण एकच, पगार जवळपास एकच. अडचण अशी, की आडनावही एकच. मीनाचे वडील भागवतराव नवगावकर अंकुशनगरला साखर कारखान्याच्या शेतकी विभागात होते. त्यांचं नवगाव वेगळं, पैठणच्या बाजूचं, गोदाकाठचं. पण त्यांच्या समाजात एका आडनावात सोयरीक होत नाही. एक आडनाव म्हणजे भावकी, आणि भावकीतली मुलगी म्हणजे बहीण. दोन गावं वेगळी आहेत, घराणी वेगळी आहेत, या एका धाग्यावर दोघांचा सगळा भरवसा लटकत होता. तो धागा काकासाहेब आता वंशवृक्षाला गुंडाळायला निघाले होते.

"तुझे अण्णा बुंधा काढून राह्यले अन् मला त्याच्या फांदीवर बसवून राह्यले," मीना म्हणाली. तिच्या वडिलांनी उत्साहानं सहकुटुंब नाव नोंदवलं होतं. "आणि तो तिसरा कार्यक्रम वाचलास का?"

कल्याणनं वाचला होता. संमेलन राखीपौर्णिमेच्या आठवड्यातल्या रविवारी होतं, आणि कार्यक्रमपत्रिकेवर दीपप्रज्वलन, स्वागत यांच्यानंतर लिहिलं होतं : 'समस्त नवगावकर भगिनींकडून समस्त नवगावकर बंधूंना रक्षाबंधन.'

"कोणी कोणाला राखी बांधायची, ती यादी मीच करून राह्यलो," कल्याण म्हणाला. "तुझ्यासमोर एक पाळण्यातला नवगावकर ठेवलाय. बदनापूरचा. काळजी करू नको."

दुसऱ्या दिवशी काकासाहेबांनी ती यादी पाहिली आणि खोडली. अंकुशनगरच्या शाखेनं यजमान शाखेला राखी बांधणं जास्त शोभून दिसेल, असं त्यांचं मत पडलं. यजमान शाखेला मुलगा एकच होता.

कल्याणनं मग शास्त्राचा आधार घेतला. नवगाव नावाची गावं किती, हे त्यानं नकाशावर शोधायला सुरुवात केली आणि शोधता शोधता त्याला धीर येत गेला. जिथे जुनं गाव सोडून लोकांनी नवी वस्ती केली, तिथे नवगाव झालं. मराठवाड्यात होती, खानदेशात होती, कोकणात होती. "अण्णा, ही गावं एकमेकांना ओळखतसुद्धा न्हाईत. एका बुंध्याचे कसे असतील?"

"आपल्याच नवगावच्या लोकाइनं जाऊन वसवले असतील ते," काकासाहेब म्हणाले. "बघ, प्रसार केवढा!"

पुरावा जितका विरुद्ध जाई तितका काकासाहेबांचा वृक्ष वाढे. असल्या सिद्धांतापुढे प्रयोगशाळा काय करणार?

याच शोधात कल्याणला ठाण्याचे डॉ. ए. एम. नवगावकर सापडले. वनस्पतिरोगशास्त्रज्ञ, निवृत्त, नावावर भरपूर संशोधन. कल्याणनं जेवताना नुसता उल्लेख केला आणि चूक केली. काकासाहेबांना प्रमुख पाहुणा हवाच होता. त्यांनी कुठून तरी नंबर मिळवला आणि स्पीकर चालू ठेवून फोन लावला.

"डॉक्टरसाहेब, आपण नवगावकरच ना?"

"हो."

"मंग झालं! आपल्या घरचंच कार्य हाय. आपल्याला यायचंच हाय."

पलीकडून एक मऊ आवाज म्हणाला, "येईन. आनंदानं येईन. फक्त शनिवारी मी प्रवास करत नाही. शुक्रवारी सकाळीच पोचलो तर चालेल?"

फोन ठेवल्यावर काकासाहेबांनी द्वारकाबाईंकडे, म्हणजे कल्याणच्या आईकडे, विजयी नजरेनं पाहिलं. "शनिवार पाळतात. मारुतीचे भक्त दिसतात."

निमंत्रणपत्रिका छापून वाटल्या गेल्या आणि मग एका जुन्या शोधनिबंधावर कल्याणला पाहुण्यांचं पूर्ण नाव दिसलं. अब्राहम मोझेस नवगावकर.

त्यानं मीनाला टेबलावरून हाक मारली. दोघांनी मिळून वाचलं. कोकणातले ज्यू, बेने इस्राईल. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. गावांवरून पडलेली आडनावं : पेणकर, किहीमकर, झिराडकर, नवगावकर.

"सुटलो!" मीना म्हणाली. "ह्यांनी नुसतं स्टेजवर उभं राहून नाव सांगितलं तरी झाडाचा बुंधा तुटला. आडनाव एक अन् रक्त वेगळं. जिताजागता पुरावा."

कल्याण सुटला नव्हता. त्याला डोळ्यांसमोर भरलेलं मंगल कार्यालय दिसत होतं, पहिल्या रांगेत राधेश्यामजी दिसत होते आणि फ्लेक्ससमोर उभे असलेले अण्णा दिसत होते. पुरावा बोलला तर अण्णांची आयुष्यभराची इज्जत भरसभेत जाणार. गप्प राहिला तर मीना राखी घेऊन समोर येणार. त्यानं दोन्ही बाजूंनी विचार केला. दोन्ही बाजूंनी तोटाच निघत होता. त्यानं घरी काहीच सांगितलं नाही.

मधल्या दिवसांत ध्वनिक्षेपकाच्या परवान्यासाठी पोलीस ठाण्यात खेपा झाल्या. हवालदारसाहेबांनी अर्ज उलटासुलटा पाहिला.

"संमेलन कोणाचं?"

"नवगावकरांचं."

"कुठला पक्ष?"

"पक्ष न्हाई साहेब. आडनाव हाय."

"आडनावाचं काय करणार तुम्ही?"

"उगम, अर्थ आणि प्रसार," कल्याण म्हणाला.

"प्रसार?" हवालदारसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हंजे प्रचारच ना? आत्ता निवडणुका न्हाईत. मंग कामून करून राह्यले?"

शेवटी परवाना मिळाला, पण रविवारी दुपारी बारापर्यंतच. त्यानंतर स्पीकर वाजला तर जप्त. काकासाहेबांनी हा स्वतःचा वैयक्तिक अपमान मानला आणि ठाण्याच्या पायऱ्या उतरताना 'आम्ही सरकारात होतो तवा' या विषयावर कल्याणला घरापर्यंत पुरेल इतकं ऐकवलं.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर उतरले. उंच, सडपातळ, डोक्याला साधी टोपी, हातात पत्र्याचा डबा. डब्यात सुनेनं केलेला हलवा होता, नारळाच्या दुधातला. द्वारकाबाईंनी तो चाखला आणि लगेच कृती विचारली. जेवायला बसताना डॉक्टर म्हणाले, "मी बाहेर मांसाहार करत नाही हं." काकासाहेबांनी बायकोकडे पाहिलं. संध्याकाळी सूर्य बुडायच्या आधी डॉक्टरांनी दोन दिवे मागितले, ते लावले, आणि टोपी नीट करून अगदी हळू आवाजात काहीतरी म्हटलं.

"कोकणातलं स्तोत्र असंल," काकासाहेब कुजबुजले.

"बघा, शिका जरा," द्वारकाबाई म्हणाल्या. "इतका मोठा माणूस, सांजच्याला दिवा सोता लावतो. तुमाला उदबत्ती कोणत्या डब्यात हाय ते ठाऊक न्हाई."

शनिवारी काकासाहेबांनी राजूरच्या गणपतीला नेण्यासाठी जीप सांगितली होती. डॉक्टर ओशाळून म्हणाले, "आज मी गाडीत बसत नाही."

"बराबर हाय," काकासाहेब आदरानं म्हणाले. "शनिवारी मारुती सोडून दुसरीकडं जायचं न्हाई. बिलकुल बराबर." आणि जीपवाल्याला परत पाठवलं.

दुपारी गच्चीवर, वाळत घातलेल्या गोधड्यांच्या सावलीत, कल्याणला राहवलं नाही. त्यानं डॉक्टरांना सगळं सांगितलं : झाड, भावकी, मीना, राखी. सांगताना तो बी मोजावं तसा एकेक मुद्दा बोटावर मोजत होता.

डॉक्टर हसले नाहीत, याचं कल्याणला बरं वाटलं.

"म्हणजे तुझ्या वडिलांना ठाऊकच नाही?" ते म्हणाले. "मला वाटलं, ठाऊक असून बोलावलं. फोनवर त्यांनी माझी जात विचारली नाही, धर्म विचारला नाही, नुसतं आडनाव ऐकून घरचं कार्य म्हणाले. असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. म्हणून तर आलो." मग त्यांनी विचारलं, "उद्या मी बोलू, की तब्येत बिघडल्याचं सांगून झोपून राहू?"

इतका सोपा प्रश्न त्याला एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेतही विचारला नव्हता आणि इतका अवघडही.

"बोला," तो म्हणाला. "पण अण्णांवर लोक हसायला नको."

"त्यांच्यावर हसायला मी इतक्या लांब आलो नाही रे," डॉक्टर म्हणाले. "मात्र मी राखीआधी बोललो तर तुला उपयोग. राखीनंतर बोललो तर मीही फक्त वनस्पतींचा डॉक्टर. मेलेल्याला काय औषध देणार?"

रविवारी सकाळी कल्याणनं उजव्या मनगटाला पट्टी बांधली. मुरगळलंय, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. कार्यालय भरलं होतं. स्टेजमागे वंशवृक्षाचा फ्लेक्स होता, आणि त्यात 'कोकणात गेलेली शाखा' असं लिहून डॉक्टरांचा टोपीतला फोटो एका फांदीवर बसवलेला होता. कल्याणला तो पाहवेना. पहिल्या रांगेत राधेश्यामजी खास निमंत्रित म्हणून होते. त्यांच्या शेजारी अंकुशनगरचे भागवतराव, आणि मागे, मांडीवर राखीचं ताट घेऊन, मीना. तिचा चेहरा ताटातल्या हळदीसारखा झाला होता.

काकासाहेबांचं स्वागतपर भाषण संपायचं नाव घेईना. मूळपुरुषापासून ते निघाले होते आणि अजून निजामाच्या काळापर्यंतही पोचले नव्हते. मग त्यांनी पत्रिका पाहिली आणि जाहीर केलं, "आता रक्षाबंधन!" ताटं उचलली गेली. बायका उठल्या. मीनाच्या आईनं मीनाला कोपरानं ढोसलं, "जा ना, जल्दी! यजमानाचं पोरगं हाय."

कल्याण स्टेजवर अक्षरशः धावत गेला. "अण्णा, बारा वाजत आले! परवाना संपून राह्यला. राखीला माईक लागत न्हाई, डॉक्टरसाहेबाइला लागतो. आधी भाषण घ्या, न्हाईतर पोलीस स्पीकर नेतील."

सरकारी परवान्यापुढे काकासाहेब आयुष्यभर वाकत आले होते. ते वाकले. "भगिनींनी खाली बसून घ्यावं," ते म्हणाले.

डॉक्टर उठले. त्यांनी आधी फ्लेक्सकडे, स्वतःच्या फोटोकडे पाहिलं, मग माईक हातात घेतला.

"काकासाहेबांनी मला या झाडावर जागा दिली, हे मी विसरणार नाही," ते म्हणाले. "पण त्यांना माझं पूर्ण नाव ठाऊक नाही. ती चूक माझी, मीच सांगायला हवं होतं. माझं नाव अब्राहम मोझेस नवगावकर. मी ज्यू आहे."

पंख्यांचा आवाज एकदम मोठा झाला. मागून कुणीतरी विचारलं, "म्हंजे कुठले पाव्हणे?"

"आमचे वाडवडील सांगत, फार पूर्वी कोकणच्या किनाऱ्याला एक जहाज फुटलं. सात बायका आणि सात पुरुष वाचले. ते जिथे लागले ते अलिबागजवळचं नवगाव. गोष्ट कितपत खरी, ते मला तपासता आलेलं नाही. पण तिथे त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवार आमचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे." इथे काकासाहेबांनी सावकाश द्वारकाबाईंकडे पाहिलं, त्यांच्या डोक्यातून मारुती उडून जाताना कल्याणला दिसला. "आडनाव खूप नंतरचं. घरात आम्ही आपलं नाव आणि बापाचं नाव सांगायचो, संपलं. पलटणीत, शाळेत आडनाव विचारायला लागले तेव्हा ज्यानं त्यानं आपलं गाव सांगितलं. आज आमचे बरेचसे नवगावकर इस्राईलमध्ये आहेत. दारावर हिब्रूत पाटी असते, आणि आत मराठीत भांडतात."

कुठेतरी एक हसू फुटलं.

"आणि एक गंमत सांगतो. नवगावात राहणाऱ्याला कुणी नवगावकर म्हणत नाही. तिथे सगळेच नवगावचे. गाव सोडून परमुलखात गेलं, तिथे कुणी विचारलं कुठला रे तू, की माणूस नवगावकर होतो. एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे आपण सगळे एका रक्ताचे नाही. मी तर नाहीच. पण तुम्ही तरी एकमेकांचे आहात, असं शास्त्रज्ञ म्हणून मला सांगता येत नाही. आपण सगळे कुठून तरी निघालेले आहोत, एवढं नक्की."

ते बसले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मागच्या रांगेतून नागसेन नवगावकर नावाचे शिक्षक उठले आणि म्हणाले, "काकासाहेब, आम्ही बौद्ध आहोत. तुमच्या नावनोंदणीच्या फॉर्मात कुलदैवताचा रकाना आम्ही रिकामा ठेवला होता. पण गाव आमचंही नवगावच, मंठ्याकडचं. म्हणून आलो." अजून दोन-तीन ठिकाणी कुजबुज सुरू झाली. झाडाची पानं गळायला लागली होती.

कल्याणनं अण्णांकडे पाहिलं आणि त्याला स्वतःची सुटका अगदी नकोशी झाली. काकासाहेब फ्लेक्ससमोर उभे होते. त्यांचा एक हात नकळत बुंध्यावर टेकला होता, आणि चेहरा वरच्या साहेबानं फाइल परत फेकावी तसा झाला होता. 

तेवढ्यात पहिल्या रांगेत राधेश्यामजी उठले. त्यांचा चेहरा हेव्यानं लालबुंद होता.

"काकासाब, ये तो गलत बात है!" ते म्हणाले. "आमचं तर फक्त अखिल भारतीय होतं. तुमचं इंटरनॅशनल आहे, अन् तुम्ही आम्हाला बोललेच नाही!"

काकासाहेबांच्या मानेत हळूहळू ताठपणा परत आला. त्यांनी बुंध्यावरचा हात काढला, माईक ओढून घेतला आणि सरकारी आवाजात जाहीर केलं, "संशोधनांती आज सिद्ध झालं हाय, की नवगावकर हे एका जातीत, एका धर्मात किंवा एका देशात मावत न्हाईत. सदरहू संशोधन आमच्या चिरंजीवांनी केलेलं हाय." आता टाळ्या पडल्या. पोलिसांचा बाराचा ठोका पडायच्या आत त्यांनी भर घातली, "रक्ताचा प्रश्न निकालात निघाल्यानं, राखी ज्याला मनापासून वाटंल त्यानंच बांधावी. सक्ती न्हाई."

पण मीनाच्या आईच्या कानावर हे गेलं नसावं, किंवा उचललेलं ताट तसंच परत नेणं तिला बरोबर वाटलं नसावं. तिनं मीनाला कल्याणसमोर आणून उभं केलं. "बांध. एवढ्या लांबून आणली ती राखी." मीना हलेना. कल्याण पट्टी बांधलेला हात पाठीमागे घेऊन उभा. लोक बघायला लागले.

द्वारकाबाई दोघांच्या मधे आल्या. त्यांनी एकदा पट्टीकडे, एकदा मीनाकडे पाहिलं, आणि मीनाच्या ताटातली राखी उचलली.

"ह्याचा हात मुरगळलाय," त्या म्हणाल्या. "सकाळपासून बघून राह्यले. पाण्याची बादली उचलतानी मुरगळत न्हाई, राखी बघितली की मुरगळतो." मग डॉक्टरांकडे वळल्या. "भाऊ, तुमाला बहिणी हाईत का?"

"दोन. दोघी इस्राईलला."

"मंग हात पुढं करा."

डॉक्टरांनी हात पुढे केला. द्वारकाबाईंनी राखी बांधली, ओवाळलं, आणि त्यांच्याच हलव्याचा तुकडा त्यांच्या तोंडात घातला. काकासाहेब बघत राहिले. गेल्या महिनाभरात संमेलनाच्या कामात पहिल्यांदाच त्यांना न विचारता काहीतरी घडलं होतं.

"आता तुम्ही कल्याणचे मामा झाले," द्वारकाबाई डॉक्टरांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, पण हे कार्यालयाच्या दारापर्यंत ऐकू गेलं. "अन् सोयरिकीत पहिला शब्द मामानं टाकायचा असतो आमच्यात. पंगतीला भागवतरावांच्या शेजारीच बसा."

डॉक्टर बसले. कल्याण वाढप्यांमध्ये घुसून वरणाची बादली घेऊन त्या पंगतीत इतक्या वेळा फिरला, की भागवतरावांच्या भाताचं तळं झालं. त्याला तुटक तुटक ऐकू येत होतं. "भाच्यासाठी..." "मुलगी गुणी..." भागवतरावांनी बोटं चाटली, पाणी प्यायलं, फ्लेक्सकडे पाहिलं. कल्याणच्या हातातली बादली जड झाली.

"पोरीच्या आईला समजवावं लागंल," भागवतराव अखेर म्हणाले. "पण एक गोष्ट चांगली हाय. आडनाव बदलाया नको. आमच्या थोरलीचं लग्न झालं तवा आधार, पॅन, बँक, सगळीकडं हिंडून हिंडून जावयाच्या चपला झिजल्या. इथं तसा काहीच खर्चा न्हाई."

कल्याणनं बादली खाली ठेवली. त्याला मागे उभ्या असलेल्या मीनाला काहीतरी सांगायचं होतं, पण तिनंच आधी विचारलं.

"आडनाव ठीक हाय. पण मधलं नाव? भागवतराव काढून कल्याण टाकायचं?"

"मंग?"

"मी न्हाई काढणार."

ते वाक्य काकासाहेबांच्या कानावर पडलं होतं. पंगतीच्या दुसऱ्या टोकावरून ते आता मधल्या नावाचा निकाल लावायला, हात न धुताच इकडे यायला निघाले होते.